विषय : दहा म्हणून ८.६ उचलणारी तुमची पिपेट (चौथी तक्रार)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या सेवा केंद्राशी चौथ्यांदा बोलले. फोन ठेवला, गार पाणी प्यायले आणि हे लिहायला बसले.

द्रव मोजून उचलणारी ही पिपेट ०.५ ते १० मायक्रोलिटरची, फेब्रुवारीत घेतलेली, वॉरंटीत. दुरुस्तीला पाठवली, १९ दिवसांनी 'तपासले, योग्य आहे' असा शिक्का मारून परत आली. सील बदलल्याची नोंद नाही. दोष जसाच्या तसा.

दहावर लावली की ती ८.६ उचलते. शेजारच्या कॉलेजातल्या सहा दशांशांच्या तराजूवर, टिप आधी ओली करून, पिपेट उभी धरून दहा वजने घेतली. सरासरी ८.५७ मिलिग्रॅम, वजनावरून आकारमान काढायचा २७ अंशांचा गुणक लावून ८.६ मायक्रोलिटर. आयएसओ ८६५५ हे पिपेटचे आंतरराष्ट्रीय मानक या मापाला ०.१२ची मुभा देते, तुमच्या पिपेटने १.४ची घेतली. दहाही वजने एकमेकांना चिकटून आहेत, म्हणजे माझा हात थरथरत नाही. पिपेटच दर वेळी इमानाने तेवढीच चोरी करते.

आम्ही पाण्यातले शिसे तपासतो. १००० पीपीएमचे (दहा लाख भागांत हजार भाग शिसे) स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचे ठरलेल्या प्रमाणाचे द्रावण, महाग, म्हणून त्यातले १० मायक्रोलिटर ९९०मध्ये आणि त्यातले १० पुन्हा ९९०मध्ये. यायला हवे १०० पीपीबी (अब्ज भागांत शंभर). तुमच्या कृपेने येते ७४, कारण पहिल्या पायरीची चूक दुसरीत गुणली जाते. या स्टँडर्डवर आलेख काढला की ८ पीपीबीचे पाणी १०.८ दाखवते. पिण्याच्या पाण्यातली शिशाची मर्यादा १० आहे. चांगली विहीर नापास! दुसऱ्या कंपनीचे तपासणीचे सोल्यूशन जास्त दाखवू लागले म्हणून दोन अहवाल सहीआधी थांबवता आले.

आता आजचे संभाषण. सगळे आकडे ऐकून घेऊन तुमच्या इंजिनिअरने विचारले, "मॅडम, बटण पहिल्या स्टॉपपर्यंतच दाबता ना?" मी एकवीस वर्षे पिपेट धरते आहे. दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून उचलले तर जास्त येते, कमी नाही. हे त्यांना सांगितले. क्षणभर शांतता, आणि मग, "पण मॅडम, दीड मायक्रोलिटर म्हणजे थेंबसुद्धा नाही हो."

थेंबसुद्धा नाही! अहो, थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो. तुमची अख्खी पिपेटच थेंबाच्या पाचव्या हिश्शाची आहे. थेंबांत हिशेब करायचा असता तर मी ड्रॉपर घेतला असता.

मग त्यांनी उपाय सांगितला. "असं करा, ११.६वर सेट करा, बरोबर दहा येईल." गणित बरोबर आहे, त्याबद्दल शंभर गुण. मी विचारले, "या पिपेटवर ११.६ कुठे आहे?" पलीकडे कीबोर्ड वाजला. "थोडं जोरात फिरवून बघा ना." दहावर संपणारे बटण जोरात फिरवायचे, ते मोडायचे, आणि पुढच्या फोनला ऐकायचे की हे वॉरंटीत बसत नाही. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

तुमच्या प्रमाणपत्राबद्दलही दोन शब्द. आमच्या पिपेटचा क्रमांक ३८ने संपतो, प्रमाणपत्रावरचा ८३ने. कोणाची तरी पिपेट तपासली गेली आहे, त्यांचे अभिनंदन. वजने लिहिली आहेत १०.१, १०.०, ९.९. म्हणजे तराजू ०.१ मिलिग्रॅमचा. या मापाला ०.००१चा लागतो, हे पिपेट बनवणाऱ्यांना मी सांगायचे? आणि १९ दिवस कशात गेले? शिक्क्याची शाई वाळायला?

पंधरा दिवसांत नवी पिपेट हवी, तिच्याच क्रमांकाच्या आणि योग्य तराजूवर काढलेल्या प्रमाणपत्रासह. नाहीतर हे सगळे कागद घेऊन ग्राहक आयोगात जाईन. आमच्या खरेदी समितीत मी आहे, हेही लक्षात असू द्या.

वाईट याचे वाटते की विभागात तुमच्याच अकरा पिपेट आहेत. सगळ्यांत जुनी माझ्या गाइडनी घेतलेली, आणि ती अजून दहाला दहाच उचलते. तिचे सील बदलायला झाले आहे, पण तुमच्याकडे पाठवायची हिंमत होत नाही.

विभागप्रमुख, रसायनशास्त्र

सोबत : दहा वजनांचा तक्ता, प्रमाणपत्राची झेरॉक्स (दुसऱ्याच्या पिपेटची)