शकुंतलेच्या गार्ड काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

"माहं नाव कुठं छापू नका बरं मॅडम," असं तुम्ही बजावलं होतं. छापलं नाही. पण शाळेची शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीवरची पुस्तिका ज्यांच्या जिवावर उभी राहिली, त्यांचे आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून नाव न घालता हे जाहीर पत्र.

शकुंतलेची माहिती शोधायला जावं तर हाती लागते ती कंपनीचीच. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावायला अडीच फुटी लाइन टाकली. मूर्तिजापुरातून एक लाइन कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, दुसरी बनोसा-अंजनगाववरून अचलपूरला, मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. गाडी चालवायची आधी जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने) आणि १९५१ नंतर मध्य रेल्वेने, मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही कंपनीचीच. 'इंग्रजांची रेल्वे' म्हणून पेपरवाले हेच उगाळत बसतात. ती चालायची कशी, हे विचारायला कुणी तुमच्या ओसरीवर आलं नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

फाटकाचा किस्सा तर आमच्या सातवीच्या पोरांनी पाठच केलाय. फाटकावर माणूस नाही, म्हणून गाडी अलीकडे थांबायची. तुमच्यापैकीच एक जण उतरून फाटक लावायचा. गाडी सावकाश पलीकडे जाऊन पुन्हा उभी राहायची, मग तो फाटक उघडून पळत येऊन डब्यात चढायचा. पुढचं फाटक आलं की पुन्हा तेच! तिकिटंही तुम्हीच द्यायची, इंजिन सोडायचं-जोडायचंही तुम्हीच. मधल्या सुट्टीत पोरं आता मैदानात हाच खेळ खेळतात. फाटकवाला व्हायला सगळे तयार, प्रवासी व्हायला कुणी नाही.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते काळ्या मातीचं. तुम्ही अंगणात काठीने दोन रेघा ओढल्या आणि समजावून सांगितलं. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते, मग एक रूळ वर, एक खाली. गँगमन खडी ठोकून लाइन सरळ करणार आणि पुढच्या झडीत ती पुन्हा बसणार. कापसाला मानवते ती जमीन रुळाला मानवत नाही, हे कळल्यावर ताशी २० किलोमीटरच्या गाडीला हसावंसं वाटेना.

दुसरी गोष्ट हमालीची. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर जाणार कसा? मूर्तिजापुरात गाठी उतरवा, मोठ्या वॅगनमध्ये चढवा. एकाच मालाची दोनदा हमाली. जिनिंगच्या दारातून ट्रक थेट निघायला लागल्यावर व्यापारी कशाला थांबतोय! मालकीच्या घोळाला दोष द्यायचा तो द्यावाच, पण शकुंतलेचा माल आधी इथे तुटला, असं माझं मत झालंय. पुस्तिकेत ते तसंच लिहिलंय.

मँचेस्टरच्या १९२१ च्या झेडडी या वाफेच्या इंजिनावर अर्थातच एक अख्खं पान आहे. ते १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं आणि डिझेल आलं, इतकं आम्हाला ठाऊक होतं. "डिझेल आलं अन् हिवाळ्यात शेकाची सोय गेली बाप्पा," हे तुमचं वाक्य तारखेच्या खालीच छापलंय.

२०१६ मध्ये रुंदीकरणासाठी १५०० कोटींची घोषणा झाली. पुढे छोटी गाडीही बंद पडली. मोठी लाइन आली तर गाडी थांबवून फाटक लावायला तुमच्यासारखं कुणाला उतरावं लागणार नाही, आणि मूर्तिजापुरातली दुसरी हमालीही वाचेल. येईल तेव्हा खरं.

तुम्ही दिलेला जुना टाइमटेबलचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून परत पाठवतेय, सोबत पुस्तिकेच्या प्रती आहेत. काकूंना एक वेगळी द्या, चहाचे कप त्यांनीच भरले होते. आणि अजून एक त्रास देते. दारव्हा-यवतमाळ बाजूची पानं फारच रोडावली आहेत. त्या लाइनवरचे तुमचे जे जोडीदार अजून गावाकडे असतील, त्यांना माझा निरोप द्या. दिवाळीच्या सुट्टीत एसटीने येते त्यांच्याकडे.

आपली,
दर्यापूर तालुक्यातली एक शिक्षिका