डोंबिवली लोकलमधल्या ताई, तुमच्यासाठी

माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं त्याला पाच महिने झाले. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणावरची गाठ. कॅन्सरची नव्हती, हे नशीब. टाके सुकले आणि सगळ्यांना वाटलं, मी बरी झाले. थकवा कुणाला दिसत नाही ना! मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दोन फोन घेऊन गळून जाणाऱ्या माझ्यावरचा माझाच राग जरा निवळला.

कामावर परतले त्या आठवड्यात लेडीज डब्यात दांडीला डोकं टेकून उभी होते. ओढणी सरकली. तुम्ही ती रेघ पाहिलीत, पण विचारलं काहीच नाहीत. "बस गं," म्हणालात आणि घाटकोपरपर्यंत स्वतः उभ्या राहिलात. दुसऱ्या दिवशी तुमच्या ग्रुपने माझ्यासाठी जागा धरली होती. मी तेव्हा धड आभारही मानले नाहीत. बोलायचंसुद्धा त्राण नव्हतं.

ऑफिसात माझ्या टेबलावरची ट्यूबलाइट न सांगता बंद करणाऱ्या शिपाईकाकांचे, आणि वॉर्डात रात्री पाठीवर हात फिरवणाऱ्या मावशींचेही मनापासून आभार.

पुढच्या महिन्यापासून पूर्ण वेळ जाणार आहे. तीच गाडी, तोच डबा. ताई, आता एकदा तुम्ही बसा, मी उभी राहते.