भारत जिंकला त्या दिवशी मी फोन का केला नाही

टोरांटो,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, आपल्या सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती आणि तरीही माझा फोन आला नाही, हे तुमच्या मनाला लागल्याचे आईने सांगितले. सोमवारी बोललो तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. फक्त ‘त्या बेसबॉलशी आपला काय संबंध?’ असे विचारून फोन आईच्या हातात दिलात. त्याचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही, म्हणून आज सवडीने लिहीत आहे.

शनिवारी रात्री इथल्या ब्लू जेज संघाचा लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीज या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना होता. जेजनी ही मालिका 1992 आणि 1993 मध्ये लागोपाठ जिंकली होती, पण त्यानंतर बत्तीस वर्षे त्यांना अंतिम फेरी गाठता आली नव्हती आणि गेल्या वर्षी तर ते आपल्या गटात तळाला होते. यंदा मात्र त्यांच्याकडे 3-2 अशी आघाडी होती आणि उरलेले दोन्ही सामने घरच्या मैदानावर होते. शुक्रवारचा सहावा सामना ते 3-1 असे हरले. त्यातही शेवटच्या डावात जेजच्या बार्जरने मारलेला चेंडू मैदानाच्या कडेला भिंतीवर लावलेल्या गादीखाली जाऊन रुतला. तो रुतल्यामुळे नियमाप्रमाणे प्रत्येक धावपटूला दोनच बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे टप्पे, मिळाले आणि जो सहज घरी पोहोचून धाव पूर्ण करू शकला असता, त्याला तिसऱ्या बेसवर थांबावे लागले. चेंडू गादीत रुतून सामना फिरतो, असे मी आपल्या क्रिकेटमध्ये कधी पाहिले नव्हते.

सातवा सामना मी खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे बसून पाहिला. जेजच्या बो बिशेटने थेट डॉजर्सच्या ओहतानीच्या गोलंदाजीवर होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारून तीन धावा काढल्या, तेव्हा आमच्या इमारतीतल्या सगळ्या गॅलऱ्यांतून एकदम आरडाओरडा झाला. नवव्या आणि शेवटच्या डावात जेज 4-3 असे पुढे होते आणि समोरचे दोन गडी बाद केले की संपले, अशी स्थिती होती. त्या वेळी फलंदाजीच्या क्रमात अगदी शेवटी येणाऱ्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली. तुमच्या भाषेत सांगायचे, तर शेपटाने घात केला.

तरीही आशा होती, कारण त्याच डावात जेजचे तीन धावपटू तिन्ही बेसवर उभे होते आणि एक धाव म्हणजे विजेतेपद होते. वार्शोने चेंडू जमिनीवरून मारला, रोहासने तो तोल सावरत उचलून कॅचरकडे, म्हणजे त्यांच्या यष्टिरक्षकाकडे, फेकला आणि तिसऱ्या बेसवरून धावत आलेला काइनर-फलेफा घरात पाय घसरवत पोहोचेपर्यंत कॅचरचा पाय घरच्या प्लेटवर टेकला होता आणि तो बाद झाला. यष्टिरक्षकाच्या टोकाला होणारा धावबाद डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. त्यांनी ते चित्र दहादहा वेळा संथ गतीने दाखवले आणि दर वेळी फरक वीतभराहूनही कमी दिसला. तो तिसऱ्या बेसपासून दोन पावले पुढे का उभा राहिला नाही, यावर आमच्या कार्यालयात अजून रोज वाद होतात. बरोबरीमुळे सामना जादा डावांत गेला आणि अकराव्या डावात डॉजर्सच्या विल स्मिथने होमरन मारला. उत्तरादाखल जेजचा गरेरो तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला, पण कर्कची बॅट मोडली, चेंडू हळूच गडगडत गेला, एका फटक्यात दोन गडी बाद झाले आणि 5-4 असा सामना संपला. शेवटचा चेंडू टाकणारा यामामोटो आदल्या रात्रीही गोलंदाजी करून आला होता, हे मात्र शत्रूपक्षाचे असले तरी मान्य केले पाहिजे.

आजोबांनी दूरदर्शन संच बंद केला, अंगातला निळा सदरा काढून नीट घडी घातला आणि मला म्हणाले, की चला, आता हॉकी. बाबा, हे वाक्य किती भयंकर आहे ते तुम्हाला कळायला हवे. इथल्या मेपल लीफ्स या बर्फावरच्या हॉकीच्या संघाने शेवटचा स्टॅन्ली कप 1967 साली जिंकला, तेव्हा आजोबा शाळेत होते. 2013, 2018, 2019 आणि 2024 अशा चार वेळा हा संघ बोस्टनकडून सातव्या सामन्यात हरला. या मे महिन्यात फ्लोरिडाने त्यांना सातव्याच सामन्यात, घरच्या मैदानावर 6-1 असे हरवले, तेव्हा लोकांनी अंगातले सदरे काढून बर्फावर फेकले. आजोबांनी फेकला नाही. त्यांच्याकडे पाहताना मला तुमची आठवण होते, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे.

मी सहावी-सातवीत असताना तुम्हाला विचारले होते, की सगळे रणजी करंडकात मुंबईच्या बाजूने असताना आपण महाराष्ट्राच्या बाजूने का. मुंबई जिंकते म्हणून ती आपली कशी होईल, असे तुम्ही उलट विचारले होते. महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो 1940-41 साली, म्हणजे तुमच्याही जन्माच्या आधी. आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी त्याआधीच्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या, हे तुम्ही आल्यागेल्याला काल घडल्यासारखे सांगता. केदार जाधवने 1,223 धावा काढल्या त्या वर्षी आपण अंतिम सामन्यापर्यंत गेलो, हैदराबादला कर्नाटकाकडून हरलो आणि सोमवारी सकाळी तुम्ही चहा न घेताच बँकेत गेलात. तुमच्या चौऱ्याऐंशी वर्षांपुढे लीफ्सची अठ्ठावन्न वर्षे काहीच नाहीत, हे मी आजोबांना सांगितले, तेव्हा ते त्या रात्रीत पहिल्यांदा हसले. या शहरात मला नऊ वर्षे झाली. इथला संघ हरल्यावर मला रडू येणार नाही, असे तुम्ही मला वाढवलेलेच नाही.

आता रविवारचे सांगते. रात्री दोन वाजता इथली घड्याळे एक तास मागे गेली, त्यामुळे जागरणाला एक तास फुकट मिळाला, पण झोप आली नाही. पावसामुळे नवी मुंबईतला सामना उशिरा सुरू झाला तेव्हा इथे सकाळचे साडेसहा वाजले होते. स्मृती आणि शफालीची शतकी सलामी मी पाहिली आणि स्मृती 45 वर बाद झाली तेव्हा मोठ्याने ओरडलेही. 298 धावा पुरतील असे वाटत असतानाच दक्षिण आफ्रिकेची वुलव्हार्ट खेळायला लागली आणि शनिवारचा रोहास डोळ्यांसमोर उभा राहिला. मी पडल्या पडल्या पाहू म्हणून सोफ्यावर आडवी झाले. जाग आली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते, हरमनप्रीतच्या हातात चषक होता आणि तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. दीप्तीचे पाच बळी, अमनजोतने हातातून निसटता निसटता पकडलेला वुलव्हार्टचा झेल, हे सगळे मी झोपेत घालवले. सांगायची लाज वाटली म्हणून फोन केला नाही, एवढेच खरे कारण आहे.

आईला हे वाचून दाखवू नका, कारण भागीदारी रंगली की तुम्ही तिला ‘तू पाहिलेस की विकेट पडते’ म्हणून स्वयंपाकघरात पाठवत होतात आणि आता तेच माझ्या वाट्याला येईल. 3 तारखेचे सांगली आवृत्तीचे वर्तमानपत्र तिने जपून ठेवले आहे, असे ती म्हणाली. डिसेंबरात दादा इकडे येईल, तेव्हा त्याच्या बॅगेत ते घडी न मोडता द्या.

तुमची,
ताई