इकोच्या खोलीतल्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात नानांना डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी आम्ही पेढे आणले होते. सर्जन सरांना दिले, आयसीयूतल्या सिस्टरांना दिले, वॉर्डातल्या मावशींना, मामांना, लिफ्टवर बसणाऱ्या दादांना, योजनेचे कागद करून देणाऱ्या आरोग्यमित्रांना दिले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या घरच्यांनाही दिले. तळमजल्याच्या टोकाला असलेल्या, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करायच्या तुमच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत मात्र एकही पेढा पोचला नाही. गाडी मुंबई नाका ओलांडून सिडकोकडे निघाली तेव्हा नानाच म्हणाले, "अगं, त्या इकोच्या बाईंना विसरलो की आपण!"

एप्रिलात पुन्हा तुमच्याकडे आलो, तेव्हा बाहेरची बाकं भरलेली होती. तुम्ही रिपोर्ट हातात दिला, नानांकडे बघून हसलात आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. बोलायचं राहूनच गेलं. म्हणून आज लिहितेय. उघडपणे लिहितेय, कारण नानांसारखंच 'आता काही उपयोग नाही' असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांच्या घरात कोणीतरी हे वाचावं.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. माझे वडील, आमचे नाना, दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. वय 64, शुगर बारा वर्षांपासून. गेल्या वर्षी ऐन ऑक्टोबर छाटणीत दुपारी त्यांच्या जबड्याखाली आणि डाव्या खांद्यात दुखायला लागलं, अंगाला दरदरून घाम सुटला. पित्त झालं म्हणून लिंबू-सोडा घेतला, झाडाखाली जरा पडले आणि पुन्हा बागेत गेले. मजूर आलेले, छाटणी थांबवायची कशी? शुगर असलेल्या माणसाला हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नसतं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ईसीजी काढला, तोवर अटॅक येऊन गेला होता. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो, असं म्हणतात. आम्ही तीन दिवस घालवले. ते दुःख माझ्या मनातून जात नाही.

ॲन्जिओग्राफी झाली. तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक, आणि पंपिंग 30 टक्के. आम्ही तेव्हा जिथे होतो तिथे सांगण्यात आलं, "पंप गेलाय. पुढची भिंत हलतच नाही. मेलेल्या स्नायूला रक्त पुरवून काय होणार? गोळ्या चालू ठेवा, जेवढे दिवस मिळतील तेवढे." जिन्यात उभी राहून मी तो 30 चा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. शाळेपासून 35 ला पास हेच डोक्यात बसलेलं. म्हणजे माझे वडील नापास झाले, एवढंच मला कळलं.

आमच्या गावाकडच्या डॉक्टरांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी तुमच्या नावाने एक ओळीची चिठ्ठी दिली: स्नायू जिवंत आहे का, एवढं बघून द्या.

मॅडम, तुमच्या खोलीतला तो पाऊण तास मला क्षणाक्षणाने आठवतो. नाना डाव्या कुशीवर, छातीवर गार जेली, खोलीत फक्त मशीनचा निळसर उजेड. आधी तुम्ही माझी 30 ची भीती काढलीत. म्हणालात, "हे शंभरपैकी मार्क नाहीत. हृदय दर ठोक्याला आतलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. ठणठणीत माणसाचाही आकडा 55 ते 70 च्या घरात असतो." मग तुम्ही स्क्रीन नानांकडे वळवलीत. पेशंटकडे स्क्रीन वळवणारं तोवर आम्हाला कोणी भेटलं नव्हतं.

"नाना, ही मागची भिंत बघा. ठोका पडला की नुसती आत येत नाही, जाड होते. दंडाची बेटकुळी फुगते ना, तशी. आता ही पुढची बघा."

पुढची भिंत नुसती उभी होती. शेजारचा स्नायू ओढेल तेवढीच हलायची, जाड काही व्हायची नाही. नाना एकदम गप्प झाले.

मग तुम्ही सिरिंज पंपातून हृदयाचा जोर वाढवणारं औषध सुरू केलंत, डोब्युटामिन. नानांच्या वजनाच्या हिशोबाने, अगदी थोड्या डोसने सुरुवात. दर थोड्या मिनिटांनी बीपी, एकीकडे ईसीजीवर नजर, आणि हातातला प्रोब, छातीवर टेकवायचा तो इकोचा दांडा, त्याच जागी धरलेला. दुसऱ्या टप्प्याला तुम्ही एकदम थांबलात आणि बोट स्क्रीनवर ठेवलंत. ती पुढची भिंत किंचित, अगदी किंचित, पण जाड होत होती. मलासुद्धा दिसलं. तुम्ही डोस वाढवलात, तर ती पुन्हा मंदावली. मी घाबरले. तुम्ही म्हणालात, "हेच बघायचं होतं मला. थोडा जोर दिला तर काम करते, जास्त मागितलं तर रक्त पुरत नाही म्हणून थांबते. मेलेला स्नायू असं करत नाही. हा उपाशी आहे, म्हणून काम कमी करून जीव धरून बसलाय."

त्यावर नाना जे बोलले ते तुम्हालाही आठवत असेल. "म्हणजे मॅडम, ड्रिपर चोक झालाय. वेल वाळली नाही. वर पाला दिसत नाही, पण काडीला नख मारलं तर आत हिरवी आहे." तुम्ही प्रोब बाजूला ठेवून म्हणालात, "नाना, आजपासून मी पेशंटला हेच सांगणार."

नंतर मी याबद्दल वाचलं. वैद्यकशास्त्रात याला हायबरनेटिंग मायोकार्डियम म्हणतात, थंडीत बिळात झोपून राहणाऱ्या प्राण्यावरून. 1980 च्या दशकात ही कल्पना रुजवली ती डॉ. शहाबुद्दीन रहिमतुला यांनी. त्यांचा जन्म मुंबईचा. नानांना सांगितलं तर त्यांना केवढा अभिमान वाटला!

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत, कदाचित सगळ्यात जास्त त्याचसाठी. तुम्ही खोटी आशा दिली नाहीत. हृदयाच्या टोकाकडचा भाग दाखवून म्हणालात, "इथे भिंत 6 मिलिमीटरपेक्षाही पातळ झालीय. हा व्रण आहे, हा परत येणार नाही. बाकीचा बराच भाग येईल असं मला वाटतं, पण त्याला काही महिने लागतील, आणि ऑपरेशनला धोका आहेच." नानांनी विचारलं, "त्याला नवा फुटवा नाही का येत?" तुम्ही सांगितलंत, की हृदयाच्या पेशी नव्याने तयार होतात, पण पंचविशीतसुद्धा वर्षाला शेकडा एक, आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्याने. खोडाला फुटवा येतो तसं काळजाचं नाही. म्हणून आहे तो स्नायू वाचवायचा. नानांना हे पटलं. गोडगोड बोललं असतं तर ते ऑपरेशनला तयारच झाले नसते. शेतकऱ्याला खरं सांगणारा माणूस लगेच कळतो.

रिपोर्टवर तुम्ही पाच ओळी लिहिल्यात. त्या पाच ओळींवर सर्जन सरांनी निर्णय घेतला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायपास झाली. छातीच्या आतल्या बाजूची धमनी पुढच्या मुख्य वाहिनीला जोडली, बाकी दोन ठिकाणी पायाची शीर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही वॉर्डात आला होतात, तुमचं तिथे काही काम नसताना. नानांनी तुम्हाला विचारलं होतं, "पायाची शीर काढून काळजाला जोडायची हे सुचलं तरी कोणाला?" उभ्या उभ्या तुम्ही त्यांना रेने फावालोरोंची गोष्ट सांगितलीत. अर्जेंटिनातला सुताराचा मुलगा, बारा वर्षं एका खेड्यात डॉक्टरकी केली, मग अमेरिकेत क्लीव्हलंडला जाऊन 1967 साली पायाच्या शिरेची बायपास करून दाखवली. "खेड्यातला होय!" एवढं म्हणून नाना त्या रात्री शांत झोपले. आम्ही घरचे मात्र जागे होतो.

पुढचे दिवस कठीण होते, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. तीन बॉलच्या यंत्रात श्वास ओढणं, उशी छातीशी धरून खोकणं, दीड महिना माझ्याकडे सिडकोत मुक्काम, सकाळी गल्लीत आधी पाच मिनिटं चालणं, मग दहा, मग वीस.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. फेब्रुवारीत नानांना बरं वाटायला लागलं आणि त्यांनी ठोके कमी करणारी गोळी स्वतःहून बंद केली. "नाडी साठवर आली, अशक्त वाटतं," म्हणाले. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हणालात, नानांना द्या. स्पीकरवर तुम्ही समजावलंत, की हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं, पण स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात घेतं. आकुंचन पावलेल्या, आवळलेल्या स्नायूत रक्त शिरायला वाट नसते. ठोके कमी झाले की विसावा लांबतो आणि स्नायूला पोटभर मिळतं. नाना दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "म्हणजे ही गोळी लाईटचे तास वाढवते." रात्री दोनला मोटार चालू करायला उठणाऱ्या माणसाला याहून वेगळं काही समजवावं लागलं नाही. त्या दिवसापासून एक गोळी चुकलेली नाही. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची, बीपीची, ठोक्यांची, सगळ्या डब्यात वारानुसार लावलेल्या असतात आणि आई रात्री डबा उघडून बघते.

एप्रिलात तुम्ही इको केलात तेव्हा आकडा 44 होता. पुढची भिंत जाड होत होती. टोक तसंच होतं, तुम्ही सांगितलं होतं तसंच. रिपोर्टच्या त्या कागदाची घडी नानांच्या पाकिटात आहे, कुलदैवताच्या फोटोमागे. शेजारीपाजारी कोणी तब्येत विचारली की कागद बाहेर येतो.

मला माहीत आहे, प्रत्येकाचा स्नायू असा जागा होत नाही. तुम्हीच सांगितलं होतंत, की काहींचा सगळाच भाग व्रण झालेला असतो आणि तिथे ऑपरेशन करून हाती काही लागत नाही, तेव्हा गोळ्या हाच खरा उपचार. पण ते बघून ठरवायचं असतं. आमच्या बाबतीत आधी न बघताच ठरलं होतं. तुम्ही पाऊण तास बघितलंत. बाहेर रांग असताना, त्याचे कुठेही वेगळे मार्क मिळत नसताना बघितलंत. सर्जनचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि असायलाच हवं. इको करणाऱ्याची सही मात्र रिपोर्टच्या खाली असते आणि ती कोणी वाचत नाही. आम्ही वाचली आहे, मॅडम.

यंदाच्या ऑक्टोबर छाटणीला नाना बागेत होते. कात्री हातात घ्यायची नाही अशी आईची सक्त ताकीद, म्हणून बांधावर खुर्ची टाकून बसले. तासाभराने बघितलं तर खुर्ची रिकामी. शेवटच्या ओळीत उभे राहून एका वेलीच्या काडीवर नख फिरवत होते. मला हाक मारून म्हणाले, "हिरवी आहे बघ."

फेब्रुवारीत माल निघेल. पुढच्या इकोची तारीखही आम्ही फेब्रुवारीचीच मागून घेतली आहे. नाना पेटी स्वतः घेऊन येणार आहेत, या वेळी सगळ्यांत आधी तुमच्या खोलीत. तुमच्याकडे पेशंटकडून काही घेत नाहीत हे त्यांना सांगून झालंय, ऐकायला तयार नाहीत. तेव्हा तुमच्या टेबलाशेजारी पेटीपुरती जागा करून ठेवा.

तुमची,
नानांची धाकटी मुलगी
सिडको, नाशिक