ऑइल प्रेशर उतरले म्हणून लगेच जाड ऑइल नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या मोटारींच्या देखभालीवरील लेखात, ऑइल प्रेशरचा काटा खाली येऊ लागला की जाड ऑइल भरावे, असा सल्ला दिला आहे. माझ्याकडे 1966 ची अँबॅसिडर मार्क टू आहे आणि हाच उपाय करून मी पस्तावलो आहे, म्हणून हे पत्र.

जाड ऑइलाने काटा वर येतो हे खरे. पण काटा दाब दाखवतो, बेअरिंगला ऑइल किती मिळते ते दाखवत नाही. थंडीतल्या सकाळी असे ऑइल रॉकरपर्यंत (इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांपर्यंत) चढायला वेळ लावते आणि तोवर वरचे भाग कोरडेच घासतात. माझ्या गाडीत इंजिन तापल्यावर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) काटा दर चौरस इंचाला 10 पौंडांच्या खाली जाऊ लागला, तेव्हा एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधीच ‘क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) गेला, इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगण्यात आले. खर्चाला भिऊन मी जाड ऑइलावर दोन पावसाळे काढले.

पुढे एका वयस्कर मेकॅनिकने डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबण्याऐवजी थेट ब्लॉकला दुसरा गेज लावून पाहिला, तर इंजिन गार असतानाही दाब जेमतेम 30 पौंड. क्रँकची मेन आणि बिगएंड बेअरिंग झिजलेली असतील, तर गार इंजिनात ऑइल घट्ट असल्याने दाब बहुधा बरा मिळतो आणि इंजिन तापेल तसा उतरतो. गार-गरम दोन्ही वेळी तो कमीच असेल, तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप), मग ऑइल पंप आणि चेंबरमधली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागातली) जाळी पाहावी, हे त्यांचे म्हणणे. या 1489 सीसी इंजिनात तो व्हॉल्व्ह ब्लॉकच्या डाव्या अंगाला, मागे, घुमटाकार नटाखाली असतो. नट खोलून स्प्रिंग काढली, तर व्हॉल्व्हच्या प्लंजरच्या (सरकत्या दट्ट्याच्या) सीटवर गास्केटच्या शेलॅकची (सांध्याला लावतात त्या लाखेची) तांदळाच्या कणीएवढी वाळलेली खपली अडकलेली निघाली; तिच्यामुळे व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता. ती काढून नेहमीचे ऑइल भरल्यावर गरम इंजिनात चालताना 50 आणि आयडलिंगला 18 पौंड दाब मिळू लागला.

त्याहीआधी डिपस्टिक काढून वास घ्यावा. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि पातळी कमी होण्याऐवजी चक्क वाढलेली दिसते! पद्मिनीसारख्या, ऑइल प्रेशरसाठी काटा नसून नुसता लाल दिवा असलेल्या गाडीत इंजिनावरच्या प्रेशर स्विचची वायर काढूनही दिवा जळतच राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे असे समजावे. मात्र दाब उतरण्याबरोबर खालून जड ठोके ऐकू येत असतील, तर गाडी घरापर्यंतही न चालवता तिथेच बंद करून टो करून आणावी. लेखातील सल्ल्यात एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर