बाळंतिणीचे सहा आठवडे कुठे गेले?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला मिडवाइफवरचा, म्हणजे गर्भारपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत देखभाल करणाऱ्या प्रशिक्षित सुईणीवरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार. पण वाचून झाल्यावर जो राग आला तो रात्रभर गेला नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. गर्भारपणातल्या तपासण्यांना दोन रकाने, कळांना एक रकाना, आणि बाळ जन्मल्यानंतरचं सगळं शेवटच्या तीन ओळींत. ‘त्यानंतरही मिडवाइफ मार्गदर्शन करते.’ एवढंच?

माझी दोन बाळंतपणं झाली. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि माझ्या तपासणीसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. पाचव्या दिवसापासून टाक्यांपाशी ठणका लागला. फोन केला, तर उत्तर आलं, ‘पहिलटकरीण आहात, एवढं दुखणारच.’ त्या दिवसांत बाळाला तपासायला मी दोनदा घेऊन गेले. दोन्ही वेळा त्याचं वजन झालं, कावीळ आहे का ते पाहिलं. मी समोरच्या खुर्चीत एका बाजूवर भार टाकून कशीबशी बसले होते. का, ते कुणीही विचारलं नाही. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठे टाके पाहिले गेले. पू झाला होता.

दुसऱ्या वेळी मिडवाइफ होती. बाराव्या आठवड्यापासून शेवटपर्यंत तीच एक. तिसऱ्या दिवशी घरी आली, हात धुतले आणि बाळाच्या आधी माझ्याकडे वळली. पोटावर हात ठेवून गर्भाशय किती खाली उतरलंय ते पाहिलं, पोटऱ्या दाबून पाहिल्या, टाके पाहिले, पॅड किती वेळात भिजतं ते विचारलं. मग मला बाळाला पाजायला सांगितलं आणि गप्प बसून बघत राहिली. बाळ नुसतं बोंड ओढत होतं. तिने माझ्या हाताखाली उशी सरकवली, बाळाची हनुवटी स्तनाला टेकवली आणि ते तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं. दोन दिवस चिरलेल्या बोंडांनी मी रडत होते. त्या पाजण्यात पहिल्यांदा दुखलं नाही. निघताना दारातून तिने विचारलं, ‘रडू येतं का?’ मी हो म्हटल्यावर तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि परत येऊन बसली. पहिले काही दिवस असं भरून येतं, पण दोन आठवड्यांनंतरही ओसरलं नाही तर तो आजार असतो, त्यावर उपचार आहेत, लपवू नका, असं तिने सांगितलं. हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं असतं तर!

ही काही माझ्या एकटीची हौस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार प्रसूतीनंतरच्या पहिल्या २४ तासांतल्या देखभालीखेरीज आणखी किमान तीन भेटी हव्यात: ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. लेखात गर्भारपणातल्या आठ भेटी बरोबर छापल्यात. या तीन का नाहीत?

‘डॉक्टर नको, मिडवाइफ हवी’ हा मथळाही चुकीचा आहे. ३४व्या आठवड्यात माझा रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, तेव्हा तिनेच त्याच दिवशी मला डॉक्टरांकडे पाठवलं. पुढचे निर्णय डॉक्टरांनी घेतले, पण ती बाजूला झाली नाही. गर्भारपण सरळ चाललंय तोवर आपण सांभाळायचं आणि वाकडं वळण दिसलं की वेळेत डॉक्टरांना बोलवायचं, हेच तिचं शिक्षण. असे मथळे वाचून एखादी डॉक्टरांकडे जायची थांबली तर?

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, मिडवाइफच्या देखभालीवरच्या २०१६ च्या आढाव्याचा उल्लेख केलात तो योग्यच. त्यात १५ संशोधन-चाचण्या, १७,६७४ स्त्रिया, आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी आढळली. पण ही देखभाल सुरुवातीपासून त्याच मिडवाइफची किंवा तिच्या छोट्या गटाची होती, ही मुख्य गोष्टच गाळलीत. दर भेटीला नवा चेहरा असेल तर बाई आपलं मन कुणापाशी मोकळं करणार?

आणि ते छायाचित्र. बाळाचे पाय तेवढे मोठे करून छापलेत. आई कुठेच नाही. लेखातही तेच झालंय.

पुढच्या अंकात निदान एक चौकट द्या: तासाभरात पॅड चिंब होणं, ताप, घाण वासाचा स्राव, एका पोटरीत सूज आणि दुखणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास लागणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार. यातलं काहीही झालं तर बाळंतिणीने सहा आठवड्यांच्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी मदत मागायची. अक्षरं मोठी ठेवा. रात्री बाळाला पाजताना मंद दिव्यातही वाचता आली पाहिजेत.

आपली,
एक वाचक, दोन मुलांची आई