दरवाजाचे काम झाल्यावर गाडी महामार्गावर चालवून पाहा

महोदय,

इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून आमच्यासारख्या कुटुंबांच्या गाड्या तासन्‌तास १०० ते १२० च्या वेगाने धावत आहेत आणि शहरात कधी न जाणवलेला एक दोष उघडा पडत आहे, तो म्हणजे बंद काचेच्या कडेने येणारी वाऱ्याची शिट्टी. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग ६० वरून १२० वर गेला की ती सुमारे ६४ पट, म्हणजे १८ डेसिबलने अधिक होते. त्यामुळे गॅरेजच्या आसपास एक फेरी मारून ‘दोष नाही’ असे सांगणे याला तपासणी म्हणता येणार नाही.

आमच्या गाडीचा पुढचा डावा दरवाजा एका धडकेनंतर डेंटिंग-पेंटिंगसाठी उतरवला होता. गाडी परत मिळाली तेव्हा रंग उत्तम जुळला होता, पण ऐंशीच्या पुढे गेल्याबरोबर शिट्टी सुरू होई आणि शेजारी बसलेली माझी आई कानाला रुमाल बांधून प्रवास करी. तक्रार केल्यावर गॅरेजने दरवाजाची संपूर्ण बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बदलली, त्याचे पैसे घेतले आणि आवाज जसाच्या तसा राहिला.

शेवटी मी स्वतः दरवाजा व छताच्या फटीवर, आरशाच्या बुडाशी आणि काचेच्या खालच्या पट्टीवर मास्किंग टेप लावून गाडी महामार्गावर नेली. आवाज थांबला. मग थोड्या थोड्या अंतरावर सुरक्षित जागी थांबून एकेक तुकडा काढत गेलो. दरवाजाच्या वरच्या मागील कोपऱ्यातील टेप निघाली आणि शिट्टी परत आली. त्या कोपऱ्यात कागदाची पट्टी ठेवून दरवाजा लावला, तर ती अलगद बाहेर सरकत होती. इतरत्र मात्र रबर तिला घट्ट धरून ठेवत होते. आमच्या गल्लीतील अनुभवी मेकॅनिकने दरवाजामागील खांबावरच्या स्ट्रायकरभोवती, म्हणजे लॉक ज्यात अडकते त्या कुंड्याभोवती, आधी पेन्सिलने खूण केली, बोल्ट सैल केले, स्ट्रायकर जेमतेम दोन मिलिमीटर आत सरकवला आणि पुन्हा आवळला. एकही नवा भाग लागला नाही. (दरवाजा आपटावा लागू लागला, तर स्ट्रायकर प्रमाणाबाहेर आत गेला असे समजावे.)

उभ्या गाडीत बंद दिसणारी फट महामार्गावर का उघडते, हे गॅरेजवाल्यांनी ग्राहकाला समजावून सांगायला हवे. वेगात असताना काचेबाहेरून हवा जोरात वाहते, तेथील दाब गाडीतील दाबापेक्षा कमी होतो आणि काच व दरवाजाची वरची चौकट बाहेरच्या बाजूला ओढली जाते. बाहेरची हवा आत घेणारा ब्लोअर चालू असेल तर हा फरक आणखी वाढतो.

प्रत्येक वेळी दोष स्ट्रायकरचाच असतो असे मात्र नाही. आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर खरोखरच कडक होते, दबून बसते आणि मग ते बदलावेच लागते. काच ज्यात सरकते ते चॅनेल झिजले असेल तर हाताने काच दाबल्यावर आवाज बदलतो. खिडकीवर वरून चिकटवलेल्या पावसाळी पट्ट्या (व्हायजर) तर स्वतःच आवाज करतात. तिथे कितीही रबर बदलले तरी फायदा नाही. आणखी एक कळकळीची विनंती म्हणजे रबर मऊ राहावे म्हणून त्याला इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नये. बहुतेक बीडिंग ईपीडीएम या कृत्रिम रबराची असते आणि खनिज तेलाने ती फुगून खराब होते. ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरेसा आहे.

माझी मागणी एवढीच आहे की, दरवाजा उतरवून केलेल्या प्रत्येक कामानंतर गॅरेजने चारही कडांवर कागदाची पट्टी लावून पाहावी, पाइपने पाणी मारून गळती तपासावी, ग्राहकाला सोबत घेऊन महामार्गावर गाडी चालवावी आणि त्याची नोंद जॉब कार्डवर करावी. विम्याच्या दाव्यातून काम झाले असेल, तर ही फेरी होईपर्यंत ग्राहकांनीही समाधानपत्रावर सही करू नये.

आपला नम्र,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर